एसपी रोडवरचा स्पायडरमॅन

एप्रिल १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचा मेगा ड्राइव्ह हा गेम कन्सोल भारतात विकायला आणला. शॉ वॉलेस म्हणजे व्हिस्कीवाली कंपनी. दारूच्या धंद्यात मुरलेल्या माणसांना पोरांच्या खेळण्यात काय दिसलं कोण जाणे, पण किंमत चढी होती: १८,००० रुपये. आयातशुल्कच ८० टक्के. त्या काळी कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार त्यात गेला असता. शिवाय इकडे नवलाईने आलेलं ते यंत्र जपानमध्ये १९८८ सालचं होतं. तिकडे तोवर सेगाचा पुढचा सॅटर्न आणि सोनीचा पहिला प्लेस्टेशनही दुकानांत येऊन बसला होता.

या मेगा ड्राइव्हवर १९९१ चा एक स्पायडरमॅन गेम होता. किंगपिन शहरात बॉम्ब पेरतो, आळ स्पायडरमॅनवर घालतो आणि नायकाच्या हातात उरतात चोवीस तास. गंमत पुढेच होती. जाळं फेकायचं रसायन फुकट मिळत नसे. ते संपलं की विकत घ्यावं लागे आणि त्यासाठी पैसे कमवावे लागत. मग भिंतीला चिकटलेला हा महावीर मारामारी थांबवून कॅमेरा काढायचा, खलनायकाचा फोटो टिपायचा आणि तो ‘डेली ब्यूगल’ला विकायचा. खिशात दमडी नसली की उडता येत नाही, हे गेममध्येच लिहून ठेवलेलं होतं.

बंगळुरूमध्येही हिशोब तोच होता. अठरा हजार मोजणारी घरं मोजकी. बाकीच्यांसाठी पेठ होती.

मराठी वाचकाला बंगळुरू आधी आठवतं ते शहाजीराजांची जहागीर म्हणून. सतराव्या शतकात राजे तिथे राहिले, त्याच्या शंभर वर्षं आधी, १५३७ मध्ये, केंपेगौडाने हे गाव वसवलं होतं. त्या जुन्या गावठाणाला कानडीत आजही ‘पेटे’च म्हणतात आणि पुण्याच्या माणसाला तिथे हरवल्यासारखं वाटत नाही. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्किपेट. बळे म्हणजे बांगड्या, म्हणून बळेपेट. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेट. एका जिनसेला एक गल्ली. याच पेठेच्या कडेला सदर पत्रप्पा रोड आहे, ज्याला सगळं शहर एसपी रोड म्हणतं. तिथली जिन्नस म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स: रोधक, धारक, तारा, सर्किट बोर्ड, जुने मॉनिटर. मॅजेस्टिककडे, गांधीनगरात, नॅशनल मार्केटच्या गाळ्यांत परदेशी माल मिळायचा. तो कुठल्या वाटेने आला हे विचारायचं नसतं, एवढं गिऱ्हाइकालाही कळत असे.

नव्वदच्या दशकात घराघरांत पोचला तो नकली माल. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या पूर्वेकडच्या देशांत बनलेल्या नकला ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी भारतभर खपल्या. खेळ ज्यात असायचा त्या प्लास्टिकच्या डबीला ‘कॅसेट’ म्हणत, आणि कॅसेटवर ‘९,९९९ गेम एकात’ असं बिनदिक्कत छापलेलं असे. आत वेगळे म्हणावेत असे खेळ दहा-बारा, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. त्या गर्दीत कधी सनसॉफ्टचा १९८९ चा ‘बॅटमॅन’ हाती लागे. जांभळट रंगाचा, अंगठ्याएवढा बॅटमॅन या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत वर चढे आणि एक उडी चुकली की थेट खाली. खेळ मध्येच जतन करायची सोय नव्हती. म्हणून रात्री टीव्ही बंद करून यंत्र तसंच चालू ठेवायचं आणि सकाळी गरम अडॅप्टरला हात लावून ते जिवंत आहे का बघायचं. मधे वीज गेली की बॅटमॅन पुन्हा पहिल्या भिंतीपाशी.

कन्सोलवर महानायक तेव्हा नवा नव्हता. अटारीचा ‘सुपरमॅन’ १९७९ चा, ‘स्पायडरमॅन’ १९८२ चा. पण ते दोघे ठोकळ्यांचे होते आणि अंगरख्याच्या रंगावरून ओळखायचे. आपणच तो नायक आहोत असं अंगाला जाणवायला हाताची आणि यंत्राची दोघांचीही तयारी लागते. त्याला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

प्लेस्टेशनवर २००० साली आलेल्या नेव्हरसॉफ्टच्या ‘स्पायडरमॅन’मध्ये तो गच्च्यांवरून झोके घ्यायचा, पण खालचा रस्ता दिसतच नसे, तिथे हिरवट विषारी धुकं. कथेत त्या धुक्याला कारण दिलं होतं. खरं कारण असं की सगळं न्यूयॉर्क एका वेळी रंगवणं त्या यंत्राला झेपत नव्हतं. जाळंही वर आभाळातच कुठेतरी चिकटायचं. मग २००४ मध्ये ट्रेआर्कचा ‘स्पायडरमॅन २’ आला, आणि जेमी फ्रिस्ट्रॉम यांनी रचलेल्या पद्धतीमुळे जाळ्याचा धागा खरोखरच्या इमारतीला चिकटू लागला. इमारत नसेल तर झोका नाही. लंबकाचं गणित शाळेत डोक्यावरून गेलेल्या पोरांच्या बोटांना ते इथे कळलं: झोका तळाशी आला की वेग सर्वांत जास्त, त्यानंतर वर चढताना सोडायचं.

हा गेम खेळायचं घरोघरचं यंत्र म्हणजे प्लेस्टेशन टू. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली होती, तरी अस्सल डिस्कची किंमत मध्यमवर्गीय बापाला पटण्यासारखी नव्हती. म्हणून कन्सोल घेतल्याबरोबर त्यात ‘चिप’ बसवून घेत. एका बोटभर पट्टीवर नजर ठेवून बारीक तारा डाकायच्या, की यंत्र अस्सल आणि नकली डिस्कमधला भेद विसरायचं. हे कायद्याच्या बाहेरचं होतं आणि बिनबोभाट चालायचं. बॅटरी कारखान्यांच्या आणि टेलिफोन उद्योगाच्या या शहरात डाक देणारे हात कधीच कमी पडले नाहीत.

त्याच २००४ साली या शहरात एक वेगळा स्पायडरमॅन जन्माला आला, तो कागदावर. गॉथम एन्टरटेनमेंट ग्रुप या कॉमिक्स कंपनीने मार्व्हलशी करार करून ‘स्पायडरमॅन इंडिया’ काढला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग हे त्याचे कर्ते. कंपनीचा चित्रांचा कारभार बंगळुरूचा, नायक मात्र मुंबईचा. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, अंकल बेनचे भीमकाका, आंट मेची मायाकाकू. किरणोत्सारी कोळी चावण्याऐवजी एक योगी त्याला शक्ती देतो. निळ्या-तांबड्या अंगरख्याखाली विजारीऐवजी धोतर. धोतर नेसून मुंबईच्या गच्च्यांवरून झोके घ्यायचे म्हणजे मोठं धाडस! कोल्हापूरच्या तालमीतल्या एखाद्या वस्तादाने निदान कासोटा घट्ट मारायला सांगितलं असतं.

पवित्रवर तेव्हा कन्सोलचा गेम कुणी काढला नाही. तो जगाला नीट भेटला २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात, आणि तो चित्रपट भारतात ज्या भाषांत लागला त्यांत मराठीही होती.

गेम बनवणारे लोक शहरात नव्हते असं मात्र नाही. राजेश राव यांनी १९९७ मध्ये बंगळुरूला सुरू केलेला ध्रुव इंटरॅक्टिव्ह हा भारतातल्या अगदी पहिल्या गेम स्टुडिओंपैकी एक. इन्फोग्रॅम्स या फ्रेंच कंपनीकडून ‘मिशन इम्पॉसिबल’ गेमच्या पीसी आवृत्तीचं काम मिळालं, तिथून गाडी सुरू झाली. थॉमस फ्रीडमन यांच्या २००५ च्या ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ या पुस्तकात राव भेटतात. त्यांच्या कंपनीने मोबाइल गेमसाठी चार्ली चॅप्लिनच्या प्रतिमेचे हक्क घेतले होते, ही त्यातली लोकांच्या लक्षात राहिलेली गोष्ट. पुढे ध्रुवचा मुख्य व्यवसाय झाला परदेशी गेमसाठी चित्रकाम. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या मालिकेच्या शर्यतींसाठी इथे काम झालं.

हे काम कसं चालतं ते पेणच्या गणपती कारखान्यात जाऊन आलेल्याला पटकन कळेल. आधी लाखो बहुकोनांचा बारीक पुतळा घडवायचा, शिवणीचे टाकेसुद्धा दिसतील असा. मग तोच काही हजार बहुकोनांत उतरवायचा, कारण कन्सोलला सेकंदाला तीस किंवा साठ वेळा तो रंगवायचा असतो. आटवताना उडालेल्या सुरकुत्या उजेड-सावलीच्या एका नकाशात साठवायच्या आणि सपाट पृष्ठभागावर त्या उठून दिसतील अशी डोळ्यांची फसवणूक करायची. हे कसबाचं काम आहे, त्यात शंका नाही. पण पेणला साचा कुणीही ओतो, डोळ्यांची आखणी करणारा माणूस वेगळा असतो आणि मूर्ती त्याच्या हाताने जागी होते. गेमच्या जगात ही आखणी, म्हणजे नायक कोण, तो कसा उडी मारतो, का मारतो हे सगळं, बहुतेक वेळा लॉस एंजेलिस, लंडन किंवा माँट्रियलला होत राहिली. बंगळुरूकडे ओतकाम आलं. त्यावर गुप्ततेच्या करारांचं कुलूप असल्यामुळे घरच्यांनाही सांगता येत नसे की टीव्हीवर दिसतो तो दरवाजा मी केलाय.

आखणी देशातच करायची खटपट ज्यांनी केली, ते इतर शहरांतले. २००९ मध्ये हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन टूसाठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ बनवला, पूर्णपणे भारतात घडलेला पहिला कन्सोल गेम म्हणून तो गाजला. आपल्याकडे उड्डाण करणारा, पर्वत उचलणारा नायक आधीपासून होताच, फक्त तो देव असल्याने पंचाईत. अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेने आक्षेप घेतला की कंट्रोलरची बटणं दाबून देवाला नाचवणं बरं नव्हे, गेम मागे घ्या. सोनीचा प्लेस्टेशन थ्री २७ एप्रिल २००७ पासून भारतात विकायला होता, तरी हा गेम निघाला जुन्या टूसाठी. थ्रीची किंमत ३९,९९० रुपये होती, एवढं सांगितलं की कारण वेगळं सांगायला नको.

मग २०११ चा ‘रा.वन’. मुंबईच्या ट्राइन गेम स्टुडिओने केलेला हा गेम प्लेस्टेशन टू आणि थ्रीवर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला, शाहरुख खानचा चित्रपट त्याच महिन्याच्या २६ तारखेला. चित्रपटाची कथाच अशी की एका गेम बनवणाऱ्याचा खलनायक पडद्यातून बाहेर येतो. म्हणजे चित्रपटात गेम, त्या चित्रपटाचा पुन्हा गेम. घरच्या कन्सोलवर देशी महानायकाची हाणामारी म्हणतात ती हीच, आणि तिचं मूळ एका सिनेमाच्या जाहिरातीत होतं. पुढचा भाग आला नाही, मालिका झाली नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ त्यामानाने स्वतःच्या पायांवर उभी राहिली. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांचा हा स्टुडिओ. २०१७ ची लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी काम सुटलं नाही. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, तिला दुर्गा आणि विष्णूकडून मिळालेली शस्त्रं, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेंडो स्विचवर प्रसिद्ध झाला, आणि त्या वेळी निन्टेंडो हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती. पुण्यात घडलेला गेम पुणेकराला आधी खेळायचा तर यंत्र दुबईहून कुणी आणेल का ते पाहणं आलं. नॅशनल मार्केटच्या गाळ्यांना त्यात काही नवल वाटलं नसतं.

ध्रुवचं पुढे असं झालं. २०१७ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझने तो घेतला, स्वतः डबघाईला आल्यावर २०१९ मध्ये तो ७९ लाख डॉलरना विकला. घेणारे रॉकस्टार गेम्सवाले. त्यांचं बंगळुरूतलं कार्यालय २०१६ पासून होतंच, त्यात ध्रुवची माणसं मिसळली. पॅप्रिकास या स्थानिक अॅनिमेशन स्टुडिओतून वाढलेल्या टेक्निकलर इंडियाचं नशीब इतकं बरं नव्हतं. मूळ फ्रेंच कंपनी कोसळली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इथलं काम थांबलं. चित्रपटांतले आणि गेममधले वाघ, राक्षस, इमारती रंगवणारे हजारो लोक एकाएकी रिकामे झाले.

आणि शॉ वॉलेस? २००५ मध्ये ती विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपने घेतली, म्हणजे सेगा आणणारी कंपनी अखेर बंगळुरूचीच झाली. सेगाने तोवर कन्सोल बनवणं सोडूनही चार वर्षं झाली होती.

प्लेस्टेशन फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० रुपयांना, आणि जानेवारीतली आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. त्याचे कंट्रोलर एसपी रोडवर दुरुस्तीला येतात. अंगठ्याखालच्या काडीतली कार्बनची पट्टी झिजते आणि हात न लावता नायक आपला आपण एका बाजूला सरकू लागतो. याला सगळे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. कुशल कारागीर जुना भाग डाक वितळवून काढतो, चुंबकावर चालणारा नवा बसवतो, मग काडी गोल गोल फिरवून मध्य जुळवतो. तपासताना उजव्या हाताची तर्जनी मागचं बटण दाबून धरते. दाबलं की जाळं सुटतं, झोका वर चढताना सोडायचं.