कलकत्त्याची चाल

१७ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये तेरा वर्षांचा बॉबी फिशर काळी मोहरी घेऊन डोनाल्ड बर्नसमोर बसला होता. सतराव्या चालीला त्यानं उंट सरकवला आणि वजीर सरळ मारू दिला. बर्ननं तो घेतला; मग उंट-घोड्याच्या शहांची अशी काही माळ लागली की पांढऱ्याची फौजच विसकटली. एकेचाळिसाव्या चालीला मात. हान्स क्मोख यांनी त्याला ‘शतकातला डाव’ म्हटलं.

बचाव होता ग्रुनफेल्ड. पटाचं मध्य प्रतिस्पर्ध्याला बांधू द्यायचं आणि कोपऱ्यातल्या उंटानं ते पोखरायचं. एक पाऊल चुकलं की आपणच चिरडले जातो.

व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं १९२२ मध्ये तो रूढ केला, म्हणून नाव त्याचं. पण १८५५ मध्येच कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रनविरुद्ध हाच बचाव खेळले होते. देशी बुद्धिबळात प्यादं एकेकच घर चाले. उंट कोपऱ्यात ठेवायची सवय बहुधा तिथलीच. तो डाव कॉक्रननं जिंकला. महेशचंद्रांचे डाव उरले तेही कॉक्रनसारख्या साहेबाशी खेळले म्हणूनच. आपल्या माणसांशी ते काय खेळले, ते कुणी टिपून ठेवलं नाही.