दौलताबादचा घाट आता कुणाचा?

रविवारी पहाटे साडेपाचला मिटमिट्याच्या पुढे कधी उभे राहून बघा. पंधरा-वीस सायकली तरी जाताना दिसतील. डॉक्टर, बँकवाले, वाळूजच्या कंपनीतली पोरं, एखादी शाळकरी मुलगी बाबांच्या मागे. शरणापूर, दौलताबाद, घाट, खुलताबाद. दम असेल तर पुढे म्हैसमाळ, नाहीतर वेरूळला पोहे खाऊन परत. शहर ते वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर. म्हैसमाळला गेलात तर चाळीसच्या आसपास, आणि शहरापासून चारशे मीटरहून जास्त चढण.

यातले बरेच जण मोबाईलवर इटली-स्पेनचे व्हिडिओ बघतात. ऑलिव्हच्या बागा, डोंगरातले नागमोडी निवांत रस्ते, एकटा सायकलवाला. आणि म्हणतात, आपल्याकडे असं कुठे आहे राव!

आहे की. आणि त्याचं वर्णन भूमध्य समुद्राच्या काठच्याच एका माणसाने पावणेसातशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

इब्न बतूता मोरोक्कोतल्या टँजियरचा. म्हणजे ऑलिव्हच्याच मुलखातला. १३३३ मध्ये तो हिंदुस्थानात आला, मुहम्मद तुघलकाच्या दरबारात काझी झाला आणि पुढे दौलताबादलाही येऊन गेला. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट आहे, असं तो सांगतो. दोन्ही बाजूंना झाडं इतकी, की आपण बागेतून चालतोय असं वाटावं. मैलात तीन ठिकाणी पायी टपाल नेणाऱ्यांच्या चौक्या आणि प्रत्येक चौकीवर वाटसरूला लागेल ते सगळं. दौलताबादच्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं त्याला फार अप्रूप. वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्याने लिहून ठेवलंय. द्राक्षं-डाळिंबांच्या देशात वाढलेला माणूस आपल्या फळांची तारीफ करतो, ही गोष्ट मला तरी साधी वाटत नाही.

आता यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १३२७ मध्ये तुघलकाने देवगिरीला राजधानी केली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. तेव्हा दिल्लीच्या माणसांनी याच रस्त्यावर अतोनात हाल सोसले. झाडं होती, चौक्या होत्या, पण स्वतःच्या मर्जीने निघालेले किती होते? रस्ता चांगला होता म्हणजे प्रवास चांगला होता असं नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. राजधानी काही वर्षांतच दिल्लीला परत गेली. मग किल्ल्यापासून वर चढणारा हा रस्ता बंद का पडला नाही? राजा गेला की त्याची वाटही झाडोऱ्यात जाते, अशी उदाहरणं कमी नाहीत.

तो जगला चालणाऱ्या माणसांमुळे.

दिल्लीहून आलेल्यांत सूफी होते. बुरहानुद्दीन गरीब त्यांतले एक. १३३७ मध्ये ते गेले आणि घाटावर, आज आपण खुलताबाद म्हणतो तिथे त्यांना दफन केलं. मागोमाग दर्गे झाले, उरूस सुरू झाले. लोक खालून वर चालत जायला लागले ते आजपर्यंत. सोळाव्या शतकात त्याच परिसरात पैठणहून एक मुलगा आला, गुरूच्या शोधात. गुरू होते देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी आणि मुलगा म्हणजे एकनाथ. नाथांनी शुलीभंजनच्या डोंगरावर तप केलं असं परंपरा सांगते. शुलीभंजन खुलताबादच्या अगदी शेजारी. तिकडे पलीकडे वेरूळ: भोसल्यांचं गाव, घृष्णेश्वर. देऊळ पडलं तेव्हा पुन्हा उभारलं गेलं, शेवटी अहिल्याबाई होळकरांनी. लेणी तर आधीपासून होतीच. म्हणजे वर जायला सगळ्यांनाच कारण होतं, प्रत्येकाचं वेगळं.

(खुलताबादचं नाव काढलं की कमेंटमध्ये लगेच एका कबरीवर गाडी जाते. कृपया आज नको. पोस्ट रस्त्याबद्दल आहे.)

घाटातली ही वाट बांधून काढण्याचं काम मात्र औरंगजेबाच्याच काळातलं. त्याच्या एका दरबारी माणसाने सगळ्यात उभ्या चढावर दगडी फरसबंदी करून घेतली आणि अर्ध्या वाटेवर दोन खांब रोवून त्यांवर फारसीत ती नोंद कोरली. इंग्रजांच्या काळातल्या प्रवासी पुस्तकांत हे खांब येतात, घाटाचं ‘पिंपळघाट’ हे नावही येतं. आज घाट चढताना गाडीतून हे काही दिसत नाही. सायकलवर ताशी सात-आठच्या वेगाने, धापा टाकत चढणाऱ्याला मात्र कडेचा प्रत्येक दगड बघायला वेळच वेळ असतो!

घाटावरचं कागजीपुरा तर सगळ्यांच्या ओळखीचं. हातकागदाचं गाव. हा कागद शतकानुशतकं डोक्यावर, बैलावर, टांग्यात घालून याच रस्त्याने खाली उतरला. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली, दौलताबादला स्टेशन आलं, आणि लेणी बघायला येणारे साहेब लोक टांग्याने वर जाऊ लागले. तोवर या रस्त्याचा वेग काय होता? बैलाचा, घोड्याचा, माणसाच्या पायाचा. म्हणून तर चढ असा आहे. कठीण आहे, पण अंगावर येत नाही. बैलाला जमलं ते सायकलला जमतं.

आणि मग ट्रक आले.

सोलापूर-धुळे महामार्ग याच घाटातून जायचा. किल्ला ओलांडला की दिल्ली दरवाजा, एका वेळी एकच मोठी गाडी मावेल इतका. त्यातून एसटी, ट्रक, ट्रॅव्हल्स, उसाच्या ट्रॉल्या, सगळं. शनिवार-रविवारी तिथे तासतासभर अडकलेले लोक ही पोस्ट वाचत असतील, त्यांना वेगळं सांगायला नको. मध्ययुगातल्या कमानीला रोज ट्रकचा धक्का, आणि आपण म्हणायचं ‘हेरिटेज सिटी’.

आता मात्र गणित बदललंय. नवा चौपदरी महामार्ग क्रमांक ५२ हा घाट टाळून जातो. माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गावर चढता येतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आता मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण झालाय. चांगली गोष्ट आहे. समृद्धीवर सायकल सोडा, मोटारसायकललाही बंदी आहे, आणि तेही बरोबरच आहे. ज्यांना ताशी १२० ने जायचंय त्यांना त्यांचा रस्ता मिळाला.

मग ताशी १२ ने जाणाऱ्यांचा रस्ता कुठला?

माझं म्हणणं एवढंच आहे. जड वाहतुकीला दोन-दोन पर्याय झाल्यावर दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ हा रस्ता अजून रुंद करायची गरज उरलेली नाही. तरी ‘पर्यटन वाढवायचंय’ म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार चौपदरीकरणाचाच येतो. त्याची किंमत काय असते ते आपण अजिंठ्याच्या रस्त्यावर बघितलंय. सिल्लोड-फुलंब्रीकडचे लोक सांगतील, सावली देणारी जुनी झाडं आधी गेली, रस्ता मात्र वर्षानुवर्षं खोदलेलाच राहिला. धूळ खाल्ली ती वेगळी. दौलताबादच्या पुढची वडाची झाडं गेली तर ती लावायला कोण येणार आहे, तुघलक?

इटलीचं उदाहरण द्यायचंच असेल तर नुसत्या फोटोचं नको, पूर्ण द्या. टस्कनीत, ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या टेकड्यांत पांढऱ्या मातीचे जुने रस्ते होते. डांबर पडून ते एकेक करून संपत चालले होते. १९९७ मध्ये गायोले नावाच्या छोट्या गावात ज्यांकार्लो ब्रोची यांनी ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी आले ९२ जण. नियम असा की सायकल जुन्या पद्धतीचीच हवी. हेतू उघड होता: हे रस्ते आहेत तसे राहू द्या. आज जगभरातून हजारो लोक तिथे येतात, मार्गावर कायमच्या पाट्या लागल्यात, आणि पांढऱ्या रस्त्यांच्या नावानेच एक मोठी व्यावसायिक शर्यत होते. रस्ता रुंद न करता गावात पैसा आला.

आपल्याकडे तर सुरुवात ९२ लोकांपासून करायची वेळच नाही. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून भद्रा मारुतीला किती माणसं चालत जातात ते आठवा. बायका, म्हातारी माणसं, अनवाणी पोरं. रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो, कडेला चहा-फराळाचे मंडप. त्या रात्री गाड्या अडतात तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे हे जमतं. आपण करतोच आहोत.

मग दर रविवारी पहाटे पाच ते नऊ घाटात खासगी मोटारी बंद ठेवायला काय हरकत आहे? स्थानिक गावकरी, रुग्णवाहिका, दूध आणि एसटी सोडून. दिल्ली दरवाजातून जड वाहन कायमचं बंद. दौलताबाद ते वेरूळ प्रत्येक जुन्या झाडाला नंबर आणि नोंद. घाटात गतिरोधकांऐवजी वेगमर्यादा, आणि ती पाळली जाते की नाही ते बघणारा एक तरी माणूस. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

‘सायकल म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ हा आक्षेप येणार, माहीत आहे. लाखभराच्या सायकली आहेत, खोटं कशाला बोलू. पण त्याच रस्त्यावर अब्दीमंडीहून शाळेत जाणारी मुलं आहेत, दूधवाले आहेत, आणि दिवाळीच्या आगेमागे सीताफळाच्या पाट्या घेऊन कडेला बसणाऱ्या मावशी आहेत. ताशी ८० ने जाणारी गाडी सीताफळासाठी थांबत नाही. सायकलवाला थांबतो, भाव करतो, आणि दोन किलो पाठीवर बांधून घाट उतरतो.

खुलताबादहून फुलंब्रीकडे आणि म्हैसमाळच्या अंगाने जाणारे आतले रस्ते अजून निवांत आहेत. पावसाळा संपता संपता तिकडे एकदा जाऊन या, सायकल नसेल तर चालत. आणि दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद, वेरूळ इथले जे कुणी हे वाचत असतील त्यांनी आपल्या गावाजवळच्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांचे फोटो कमेंटमध्ये टाका. झाड कुठे आहे आणि घरातली म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात, तेवढं लिहा. यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची आहे.