सेल, ट्रान्झिस्टर आणि २६ जुलै

मागच्या वेळी आपण पाहिलं, की फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजचा विषय लहान आहे. रेडिओतला सेल.

लहान म्हटलं खरं, पण बघा. फाळणी झाली त्याच वर्षी, १९४७ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याआधीचा व्हॉल्व्हचा रेडिओ फळीवर बसलेला असायचा, विजेच्या वायरला बांधलेला. ट्रान्झिस्टर आल्यावर तो फळीवरून उतरला आणि थेट हातगाडीवर, शेताच्या बांधावर गेला. हे स्वातंत्र्य दिलं कुणी? सेलने. पण सेल संपला की स्वातंत्र्यही संपलं.

म्हणून आमच्या अंबरनाथच्या घरी आई सेल उन्हात ठेवायची. तुमच्याकडेही ठेवत असतील. उन्हाने रेडिओ थोडा वेळ बोलायचा, हे खरं. पण सेल काही भरत नव्हता. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, एवढंच. साध्या सेलचं जस्ताचं भांडं हेच त्याचं इंधन. ते झिजलं की झिजलं.

निकेल-कॅडमियम सेलमध्ये मात्र क्रिया उलटी फिरवता येते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने तो १८९९ साली बनवला. आपल्या घरात मात्र रिचार्जेबल सेल फार उशिरा आले. तेव्हा लोकांची शंका अशी, की साधा सेल दीड व्होल्टचा, हा १.२ चा. चार सेलचे सहाऐवजी ४.८ व्होल्टच झाले. रेडिओ चालेल का? बहुतेक चालतो. कारण साधा सेल दीडवर टिकत नाही, वापरता वापरता एकच्या आसपास उतरतो, आणि रेडिओ हे धरूनच बनवलेला असतो. रिचार्जेबल मात्र शेवटपर्यंत १.२ च्या जवळ राहतो आणि मग एकदम बसतो. साधा सेल आवाज बारीक करत निरोप घेतो. हा न सांगता उठून जातो.

हे मला कळलं २६ जुलै २००५ ला. उल्हास नदी बदलापुरात शिरली, वीज गेली. मी मोठ्या ऐटीत कपाटातला रेडिओ काढला, आत निकेल-मेटल हायड्राइडचे सेल, उन्हाळ्यात भरून ठेवलेले. रेडिओ गप्प! हे सेल नुसते पडून राहिले तरी रिते होत जातात, हे मला ठाऊक नव्हतं. मुलगा मुंबईत अडकलेला. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या टॉर्चमधले साधे सेल काढून दिले, आणि लोकल बंद असल्याचं कळलं. त्या स्वतः अंधारात बसल्या, बरं का.

योगायोग असा, की पडून राहिले तरी फारसे न उतरणारे सेल त्याच वर्षी जपानमध्ये बाजारात आले.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एवढंच म्हणतो: एखादी गोष्ट पुन्हा भरता येते, याचा अर्थ ती भरलेली आहे असा नाही. रोजच्या रेडिओला रिचार्जेबल जरूर वापरा, पैसे वाचतात, कचराही कमी होतो. पण पावसाळ्याआधी ते एकदा भरा, आणि साध्या सेलचं एक न फोडलेलं पाकीट घरात ठेवा. एक शेजाऱ्यांसाठीही ठेवा.