वेताची बैठक आणि नवा सोफा

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी नवा सोफा आणण्याचा ठराव एकमताने संमत झाला. एकमताने म्हणजे माझे मत वगळून. आधीचा सोफा अवघ्या सहा वर्षांत निकामी झाला होता. त्याचा फोम पावसाळ्यागणिक दबत गेला, वरच्या रेक्झिनचे पोपडे निघू लागले आणि एके दिवशी आतील पट्टी मोडून आलेले पाहुणे चहाच्या कपासह खाली गेले. त्याच वेळी बाहेर बल्कांवात माझ्या पणजोबांच्या काळची शिसवी बैठक उभी होती. तिघांना पुरेल एवढी लांब, बाकदार हातांची, वेताने विणलेली. मध्यभागी वेत फाटला म्हणून तिला बाहेरची जागा मिळाली होती. जुने सामान विकत घेत हिंडणारा एक व्यापारी तिची किंमत सांगून गेला होता, आणि ते पैसे नव्या सोफ्यात घालावेत असा घरचा विचार होता. मी इतिहास शिकवणारा मनुष्य. होकार देण्यापूर्वी मी पुस्तके उघडली, याचे आपणांस नवल वाटू नये.

‘सोफा’ हा शब्द मूळचा अरबी. ‘सुफ्फा’ म्हणजे बसण्यासाठी केलेला उंच ओटा. सोफा हा प्रथम घराचाच एक भाग होता, उचलून नेण्याची वस्तू नव्हे. गोव्यातील घरांच्या बल्कांवात दोन्ही अंगांना जे चिरेबंदी सोपे बांधलेले असतात, ते या मूळ कल्पनेला आजही जवळचे आहेत. आणि टिकाऊपणात त्यांचा हात कोण धरणार? १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर उंच खुर्च्या, मेजे व लांब बैठकी यांचा येथील श्रीमंत घरांत शिरकाव झाला. घडण युरोपीय, परंतु लाकूड या देशाचे आणि हात येथील मेस्तांचे. ज्या परंपरेतील कारागिरांनी चर्चच्या वेदी कोरल्या, त्याच परंपरेने दिवाणखानेही सजवले. चांदरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात पोर्तुगालचा राजा दों लुईस याने दिलेल्या दोन खुर्च्या दाखवतात. हा राजा १८६१ ते १८८९ या काळात गादीवर होता. अशा घरांतून फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. नक्षी कितीही राजेशाही असो, पुष्कळशा बैठकींचे आसन मात्र साध्या वेताचे. आमच्या दमट हवेत लोकर आणि केस भरलेल्या गाद्यांना बुरशी व कसर लागावयाची. वेतातून मात्र वारा खेळतो.

ही गोष्ट थंड हवेच्या इंग्लंडलाही पटली, हे वाचून मला विशेष मौज वाटली. पूर्वेकडील वेत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून तेथे जाई, आणि १६६४ च्या सुमारास वेताच्या खुर्च्या लंडनमध्ये रुळू लागल्या. १६६६ च्या अग्निप्रलयात त्या शहरातील सुमारे १३,२०० घरे भस्मसात झाली. नव्या घरांना नवे सामान हवेच होते. वेताची चलती पाहून लोकरी कापडवाले घाबरले. आपला धंदा बुडतो, तेव्हा वेताच्या खुर्च्या बंद कराव्यात, असा अर्ज त्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पार्लमेंटकडे केला. त्यावर वेतकाम करणाऱ्यांचे उत्तर असे की, या खुर्च्या टिकाऊ आहेत, हलक्या आहेत, आणि कापडी आसनांना हमखास चिकटणारी धूळ, किडे व कसर त्यांना लागत नाही. आजचा दुकानदार गिऱ्हाइकाला याहून निराळे काय सांगतो? बंदी काही आली नाही. पुढे मऊ आसनांचीच सरशी झाली, ती कायद्याने नव्हे, फॅशनने.

मऊपणाची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८२२ साली व्हिएन्नातील गेओर्ग युनिग्ल यांनी आसनात लोखंडी स्प्रिंगा बसवण्याचे पेटंट घेतले. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधून काढले आणि १९५० नंतर त्याचा फोम घरोघर पोहोचला. फोम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु तो झिजणारच, आणि पुष्कळ सोफ्यांत तो असा चिकटवून व खिळवून टाकलेला असतो की, तो गेला म्हणजे सारा सोफाच जातो. वेतही झिजतो. आमच्या बैठकीचा वेत माझ्या आठवणीत दोनदा बदलला होता. पण चौकट तीच राहिली, कारण झिजणारा भाग निराळा ठेवण्याची अक्कल त्या मेस्ताला होती.

ही दृष्टी घेऊन मी दुकानात गेलो. विक्रेता कापडाचे रंग दाखवू लागला. मी सोफा उलटा करा म्हणालो. त्याला ते रुचले नाही. पुढचा एक पाय वीतभर उचलला असता दुसराही पाठोपाठ उचलला जावा. तो जमिनीवरच राहिला तर चौकट पिळवटते असे समजावे. लाकूड कोणते, सांधे खाचेत बसवलेले की नुसते खिळ्यांनी जोडलेले, फोमची घनता ३२ की ४०, आणि मुख्य म्हणजे गाद्या सुट्या निघतात काय, हे मी विचारले. तिसऱ्या दुकानापर्यंत आमच्या मंडळींनाही हे प्रश्न पाठ झाले होते. शेवटी गावच्या मेस्ताकडूनच सागवानी चौकट करून घेतली, वर सुट्या गाद्या घातल्या. तयार सोफ्यापेक्षा खर्च जास्त आला, हे लपवत नाही.

राहिली जुनी बैठक. आपल्याकडील अंध-विद्यालयांतून खुर्च्या विणण्याचे शिक्षण पुष्कळ वर्षे दिले जात असे. तसे शिकलेले एक वृद्ध गृहस्थ शोधून आणले. असे विणकर आता फार थोडे उरले आहेत. त्यांनी वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या, बोटांनी चौकटीची छिद्रे चाचपली, एक ढिली खुंटी काढून मला दाखवली. मग आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि अखेर दोन तिरके, असे विणीत गेले. अष्टकोनी जाळी हळूहळू उमटत होती, आणि धाकटी मुलगी शाळेला जायचे विसरून तेथेच बसली होती. भिजलेला वेत वाळताना आवळतो. दुसऱ्या दिवशी बोट आपटले तर ढोलकीसारखा नाद आला.

महिन्याभराने तो व्यापारी पुन्हा आला. या खेपेस त्याने किंमत वाढवून सांगितली. आम्ही त्याला त्याच बैठकीवर बसवून चहा दिला.