पाणीपट्टी, घरगुती (युनायटेड किंगडम)

घरात नळाने येणाऱ्या पाण्यासाठी आणि सांडपाणी वाहून नेण्यासाठी कुटुंबाकडून घेतली जाणारी आकारणी. युनायटेड किंगडमच्या घटक देशांत तिची रीत एकसारखी नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाण्याचे स्वतंत्र बिल येते. स्कॉटलंडमध्ये ते कौन्सिल टॅक्स या स्थानिक कराबरोबर वसूल होते. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र घरगुती पाण्याचे बिलच नाही. घरांनी पाण्याचे पैसे द्यावेत की नाही, या वादाची सगळी उत्तरे अशी एकाच राज्यसत्तेखाली पाहायला मिळतात.

एकोणिसाव्या शतकात अनेक शहरांना खासगी कंपन्या पाणी पुरवत. बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांनी १८७६ मध्ये तेथील पाणी कंपनी नगरपालिकेच्या ताब्यात आणली. पाणीपुरवठा नफ्यासाठी नसावा, अशी त्यांची ठाम भूमिका होती. खर्च घराच्या करपात्र मूल्यावरून वसूल होई. मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. पुण्यातही पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातूनच घेतली जाते. १९७४ मध्ये इंग्लंड-वेल्सचा पाणीपुरवठा दहा प्रादेशिक प्राधिकरणांकडे गेला आणि १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने त्यांचे खासगीकरण केले. दरांवर देखरेखीसाठी ‘ऑफवॉट’ ही नियामक संस्था स्थापन झाली. ज्या घरांत मीटर नाही, त्यांपैकी पुष्कळांचे बिल आजही १९७३ च्या मूल्यांकनावर निघते.

खासगीकरणानंतर बिले वाढली आणि ती न भरणाऱ्यांचे पाणी तोडले जाऊ लागले. १९९१-९२ या एका वर्षात २१ हजारांहून अधिक घरांची जोडणी तुटली. पुढे काही कंपन्यांनी आगाऊ पैसे भरायची यंत्रे बसवली. त्यांतले पैसे संपले की नळ आपोआप बंद होई. हे बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला आणि १९९९ च्या कायद्याने थकबाकीसाठी घरगुती पाणी तोडण्यावर सरसकट बंदी आली. या विषयातील सर्वांत महत्त्वाचा कायदा हाच, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. बिल थकले तर कंपनीने कर्जाप्रमाणे वसुली करावी. तान्ह्या मुलाच्या आंघोळीचे पाणी बंद करू नये. मीटर असलेल्या गरीब घरांत मुले जास्त असतील किंवा आजारपणामुळे पाणी जास्त लागत असेल, तर ‘वॉटरशुअर’ योजनेखाली बिलावर मर्यादा घातली जाते. वेल्समधील मुख्य कंपनी २००१ पासून भागधारकांविना चालते. इंग्लंडमध्ये मात्र कंपन्यांवरील कर्ज आणि नद्यांत सोडलेले मैलापाणी यांवरून असंतोष आहे. अशा वेळी ऑफवॉटने डिसेंबर २०२४ मध्ये सरासरी बिले पाच वर्षांत, महागाई वगळून, ३६ टक्क्यांनी वाढवण्यास संमती दिली.

स्कॉटलंडने खासगीकरण नाकारले. मार्च १९९४ मध्ये स्ट्रॅथक्लाइड प्रादेशिक परिषदेने टपालाने कौल घेतला, तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोकांनी मत दिले आणि त्यांतले ९७ टक्के खासगीकरणाच्या विरोधात होते. २००२ पासून ‘स्कॉटिश वॉटर’ ही सार्वजनिक संस्था पाणी पुरवते. पट्टी घराच्या कौन्सिल टॅक्सच्या श्रेणीवर ठरते, त्यामुळे जास्त मूल्याच्या घराला जास्त आणि कमी मूल्याच्या घराला कमी भरावे लागते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलतही आहे.

उत्तर आयर्लंडची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे पाण्याचा खर्च घरपट्टी आणि सरकारी अनुदान यांतून भागतो. लंडनहून थेट कारभार चालू असताना २००६ मध्ये स्वतंत्र पाणीपट्टीचा आदेश निघाला. घराच्या भांडवली मूल्यावर, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, एप्रिल २००७ पासून ती लागू व्हायची होती. ‘आम्ही भरणार नाही’ म्हणणाऱ्या मोहिमा उभ्या राहिल्या. घरपट्टीतून एकदा पैसे दिलेच आहेत, मग दुसऱ्यांदा का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मे २००७ मध्ये स्थानिक सत्ता परतली आणि पट्टी लांबणीवर पडली, ती आजतागायत. शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकात २०१४ मध्ये अशाच पट्टीविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले आणि अखेर लोकांनी भरलेले पैसे सरकारने परत केले.

बिल नसले तरी खर्च टळत नाही. ‘नॉर्दर्न आयर्लंड वॉटर’ कंपनीच्या रूपात आहे, पण उत्पन्नाचा मोठा भाग अनुदानाचा असल्याने तिला सरकारी खात्यासारखेच वागवले जाते. तिला मोकळेपणाने कर्ज काढता येत नाही. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात रुग्णालये आणि शाळांशी स्पर्धा करून पैसा मिळवावा लागतो. डिसेंबर २०१० मध्ये कडाक्याच्या गारठ्यानंतर बर्फ वितळताच जलवाहिन्या फुटल्या आणि हजारो घरे कित्येक दिवस पाण्याविना राहिली. संस्थेच्या मुख्याधिकाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. उत्तर आयर्लंडला सुमारे ४० टक्के पिण्याचे पाणी देणाऱ्या लॉख नेय सरोवरावर २०२३ च्या उन्हाळ्यात विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर आला. शेतांतून वाहून येणारी खते आणि सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे. अनेक गावांत मैलाशुद्धीकरण केंद्रांची क्षमता संपल्याने नव्या घरांना सांडपाण्याची जोडणी नाकारली जाते.

म्हणून घरांनी ऐपतीप्रमाणे पाणीपट्टी द्यावी, तो पैसा जलवाहिन्यांवरच खर्च व्हावा आणि कोणाचेही पाणी तोडू नये, हाच मार्ग योग्य दिसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर आयर्लंडचे स्थानिक सरकार पुन्हा कामाला लागले, तेव्हाही त्याने घरगुती पाणीपट्टी लावली नाही.