शाईतलं खळं

शिरूरला आमच्या वाड्यात एक दादा राहायचा, ट्रकवर क्लीनर होता. १९९८ च्या उन्हाळ्यात त्याचं डोकं दुखायला लागलं. आधी ऊन लागलं म्हणून कांदा, मग चष्म्याचा नंबर, मग एका दवाखान्यात टायफॉइड समजून सलाईन. तीन आठवडे असेच गेले. दौंडच्या मावशीकडे हवापालटाला नेलं, तिथून पुण्याला. तोवर तो माणसं ओळखेनासा झाला होता. "ताप मेंदूत गेला," एवढंच आम्हा पोरांना सांगितलं. एचआयव्ही हा शब्द वाड्यात कुणी उच्चारला नाही. (तेव्हा भोसरीत 'नारी' संस्था सुरू होऊन जवळपास सहा वर्षं झाली होती, बरं का.)

पुढे कागद पाहिले. त्यात लिहिलं होतं, क्रिप्टोकॉकस.

ही बुरशी काही नवी नाही. १८९४ साली जर्मनीत बुसे यांना ती एका रुग्ण बाईच्या हाडात सापडली, आणि त्याच वर्षी इटलीत सानफेलिचे यांना पीचच्या रसात! पाठीतलं पाणी काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, ही तिची जुनी तपासणी. बुरशीभोवतीचं चिकट कवच शाई घेत नाही, त्यामुळे चंद्राला खळं पडावं तसं दिसतं. सुंदरच म्हणायचं. पण खळं दिसेपर्यंत बुरशी मेंदूच्या आवरणात पोचलेली असते.

खरा फरक पडला तो २०११ च्या सुमारास आलेल्या एका पट्टीनं. रक्तातला द्रव घ्यायचा, पट्टी बुडवायची, दहा मिनिटं थांबायचं. डोकं दुखायच्या काही आठवडे आधीच त्या कवचाचे अंश रक्तात सापडतात. ज्यांच्या सीडी-४ पेशी १०० च्या खाली, त्यांची अशी तपासणी करावी, असं जागतिक आरोग्य संघटना आता सांगते. सापडलं तर पाठीतलं पाणी तपासायचं. तिथे बुरशी नसेल तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्या. टांझानिया-झांबियात अशी तपासणी आणि घरी जाऊन विचारपूस, दोन्ही मिळून मृत्यू २८ टक्क्यांनी घटले, असा अभ्यास २०१५ साली आला.

दादाच्या वेळी पट्टी नव्हती. सरकारी मोफत एआरटीदेखील २००४ ची. त्यामुळे कुणाला दोष द्यावा, कळत नाही. पण आजही पट्टीपर्यंत पोचायला आधी एचआयव्हीची तपासणी व्हावी लागते, आणि डोकेदुखीवर कांदा फोडणारी घरं अजून आहेतच.

पुण्याच्या कुणा डॉक्टरनं दादाच्या आईला सांगितलं होतं, ही बुरशी पारव्यांच्या विष्ठेत असते. परत आल्यावर तिनं वाड्यातली सगळी घरटी काठीनं पाडली. आम्ही पोरं अंडी वेचत होतो.