ई-कचरा, शहरी (मुंबई-पुणे)

घरे व संस्था यांच्या वापरातून गेलेली विजेवरची उपकरणे, त्यांचे सुटे भाग आणि तारा.

संस्था : सरकारी कार्यालयातला संगणक बंद पडला म्हणून लगेच कचरा होत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद आहे तोवर तो मालमत्ताच असतो. निर्लेखनाचा (नोंदवहीतून वगळण्याचा) प्रस्ताव, समितीची पाहणी, किमान किंमत आणि लिलाव एवढे उरकेपर्यंत यंत्रे जिन्याखाली धूळ खातात. पूर्वी चढी बोली लावणारा भंगार व्यापारी माल उचलत असे. कुर्ला, साकीनाका, धारावीच्या गाळ्यांत तो सुटा होई. 1 मे 2012 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी मोठ्या ग्राहकांना, म्हणजे अशा संस्थांना, हा मार्ग कागदोपत्री बंद केला. 2016 च्या नियमांनुसार त्यांनी नमुना 2 मध्ये नोंद ठेवायची आणि 30 जूनपर्यंत नमुना 3 मध्ये वार्षिक विवरण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचे होते. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांत उपकरणांची यादी 106 वर गेली. आर्थिक वर्षात केव्हाही किमान 1000 नग वापरणारा तो मोठा ग्राहक, अशी व्याख्या आली. माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रणकर्ता यांनाच देण्याचे बंधन राहिले. मोठ्या ग्राहकाचे विवरण मात्र गळाले. संस्थांच्या कपाटांतून काय बाहेर पडते हे सांगणारा तोच एक नियमित कागद होता.

बँका व आयटी कंपन्या हार्ड डिस्क आधी वेगळ्या काढतात, त्या पुसून किंवा चुरून प्रमाणपत्र घेतात आणि उरलेले यंत्र पुढे देतात.

घरे : टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन एक्स्चेंजमध्ये दुकानदाराकडे किंवा दारावरच्या भंगारवाल्याकडे जातात. भाव मुख्यतः तांबे आणि कॉम्प्रेसर यांवर ठरतो. जुने मोबाइल बहुधा खणातच राहतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून (स्थापना 1993) उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था संकलन मोहिमा घेते.

पुढील प्रवास : असंघटित साखळीत दुरुस्ती व सुट्या भागांची विक्री आधी होते, उरलेल्या तारा जाळतात, सर्किट बोर्ड आम्लात टाकतात. या साखळीचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत. नव्या नियमांत उत्पादकांना घ्यावी लागणारी पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड या धातूंवर मोजली जातात; शिसे त्यांत नाही, त्यामुळे साहजिकच शिसे असलेली जुनी काचेची पिक्चर ट्यूब कोणालाच नको असते.

दिवे : पारा असलेले सीएफएल 2016 पासून नियमांत आहेत, पण घरगुती दिवे सहसा सुक्या कचऱ्यात जातात.